न्यूटोनियन दुर्बिणीचं सिसएमएल मॉडेल: उद्यमनगरला जाण्याआधी

न्यूटोनियन दुर्बिणीत मुख्य आरशाने गोळा केलेला प्रकाश एक छोटा तिरपा आरसा नळीच्या बाजूच्या भोकातून बाहेर वळवतो. त्या भोकावर फोकसर, म्हणजे आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) पुढेमागे सरकवणारा भाग, बसतो. नळीला हे भोक एकदा पडलं की ते सरकवता येत नाही. म्हणून उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, काम टाकण्याआधी दुर्बीण सिसएमएलच्या (यंत्रणांचं मॉडेल मांडण्याच्या चित्रभाषेच्या) आकृत्यांमध्ये पूर्ण चालवून बघा. उदाहरणाला १५० मिमी व्यासाचा, १२०० मिमी फोकल लेंथचा (आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर), म्हणजे एफ/८ चा (१२०० ÷ १५०) आरसा घेऊ.

सुरुवात रिक्वायरमेंट डायग्रामने (दुर्बिणीकडून काय हवं त्याच्या आकृतीने) करा. 'चित्र स्पष्ट दिसावं' असं लिहू नका, ते तपासता येत नाही. 'अभिजितजवळच्या एप्सिलॉन लायरीच्या दोन्ही जोड्या १२० पटीला सुट्या दिसाव्यात' असं लिहा. एप्सिलॉन लायरी म्हणजे अभिजित ताऱ्याजवळच्या, ताऱ्यांच्या दोन जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोन ताऱ्यांमधलं अंतर सव्वादोन-अडीच आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आसपास आहे आणि १५० मिमी आरशाची तारे सुटे दाखवण्याची मर्यादा ११६ ÷ १५० म्हणजे ०.७७ आर्कसेकंद, त्यामुळे मागणी रास्त आहे. चाचणी कधी घेणार तेही त्याच चौकटीत नोंदवा. संध्याकाळी अभिजित डोक्यावर येतो तेव्हा कोल्हापुरात पावसाळा असतो. एप्रिल-मे महिन्यांतली पहाट धरा.

ब्लॉक डेफिनिशन डायग्राम (कोणकोणते भाग आहेत त्याची आकृती) लवकर उरकतो: मुख्य आरसा व त्याचा सेल (आरशाची बैठक), तिरपा आरसा, स्पायडर (तिरपा आरसा धरणारी पात्यांची चौकट), नळी, फोकसर, आयपीस, माउंट (दुर्बीण पेलणारा व वळवणारा भाग). निरीक्षक, आकाश आणि जागा हे बाहेरचे ब्लॉक. जागेच्या ब्लॉकमध्ये अक्षांश १६.७ अंश उत्तर हवाच. विषुववृत्तीय माउंटचा (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणाऱ्या) ध्रुव-अक्ष तेवढाच वर उचलला जातो आणि तोलाच्या वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडू शकतो. डॉब्सोनियन (आडवं-उभं फिरणारा साधा माउंट) घेतलात तर ही अडचण येत नाही.

खरा वेळ इंटर्नल ब्लॉक डायग्रामला (भाग एकमेकांना कसे जोडलेत त्याच्या आकृतीला) द्या. बहुतेक जण त्यात फक्त प्रकाशाचा बाण काढतात: आरसा, तिरपा आरसा, आयपीस, डोळा. असं मॉडेल कायम उत्तम चालतं आणि प्रत्यक्ष दुर्बीण मात्र धूसर दाखवते. प्रत्येक ब्लॉकला आणखी दोन पोर्ट (जोडणीच्या जागा) द्या, उष्णता आणि कंप. मग दिसतं की आरशाची ऊब प्रकाशाच्याच वाटेने वर चढते आणि फोकसरला लावलेला हात नळीमार्गे माउंट हलवतो.

पुढे पॅरामेट्रिक डायग्राम (समीकरणांची आकृती). आधी तिरप्या आरशापासून फोकसपर्यंतचं अंतर काढा: नळीची आतली त्रिज्या ९०, नळीची जाडी धरून अर्धवट बाहेर काढलेला फोकसर ७०, राखीव १०, एकूण १७० मिमी. म्हणजे भोकाचा मध्य मुख्य आरशापासून १२०० − १७० = १०३० मिमीवर. फोकसपाशी १२ मिमीचं क्षेत्र पूर्ण उजळ हवं असेल तर लंबगोल तिरप्या आरशाचा लहान व्यास १२ + १७० × (१५० − १२) ÷ १२०० = ३१.६ मिमी, ३५ चा घ्या. त्याने साडेपाच टक्के प्रकाश अडतो. दोन्ही आरशांची परावर्तकता ८८ टक्के धरली, तर आयपीसपर्यंत सुमारे ७३ टक्के पोचतो.

आता उष्णतेचं समीकरण याला जोडा. रात्री तापमान १० अंशांनी उतरलं तर १०३० मिमी ॲल्युमिनियम ०.२४ मिमीने आखडतं, पोलाद ०.१२ ने. एफ/८ ला फोकसची खोली (चित्र स्पष्ट राहतं तेवढी सरक) फक्त ±०.०७ मिमी. त्यामुळे रात्रीतून फोकस पुन्हा साधावा लागणारच. आणि एका फेरीत २० मिमी सरकणाऱ्या फोकसरवर ०.०७ मिमी म्हणजे नॉब जेमतेम सव्वा अंश फिरवणं. इथून नवी रिक्वायरमेंट निघते, ती मूळ मागणीला 'डिराइव्ह' (तिच्यातून निघालेली) नात्याने बांधा: फोकसरला बारीक गती हवी. एककं सगळीकडे मिमीच ठेवा. एका चौकटीत सेंमी शिरला की आकडे दहापट चुकतात आणि आकृती मात्र नीट दिसते.

शेवटी स्टेट मशीन (दुर्बिणीच्या अवस्था आणि त्यांच्यातल्या बदलांची आकृती): बंद, थंड होणे, कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणे), निरीक्षण. 'थंड होणे'तून पुढे जाण्याची अट 'आरसा व हवा यांतला फरक २ अंशांपेक्षा कमी' अशी ठेवा, नुसती मिनिटं नकोत. पन्हाळ्यावर धुकं आलं तर निरीक्षणातून थेट 'झाकण' या अवस्थेकडे बाण हवा. तिथून 'बंद'कडे जाताना 'आरसा कोरडा' ही अट घाला. ओला आरसा झाकून ठेवला तर बुरशी धरते.