मिडफिल्डर व्हायचंय? आधी मान वळवायला शिका

मी बारा वर्षं फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळलो, त्यातली पहिली दोन नुसती चेंडूकडे बघण्यात घालवली. एकदा सेंटर-बॅकचा, म्हणजे मधल्या बचावपटूचा, पास येताना मागे पाहिलंच नाही. वळलो तो थेट समोरच्याच्या अंगावर. दहा सेकंदांत आमच्यावर गोल. ड्रेसिंग रूममध्ये कुणी बोललं नाही, तेच जास्त लागलं.

तर, पास निघण्याआधी खांद्यावरून एकदा मागे नजर टाका, चेंडू वाटेत असताना पुन्हा. अंग तिरपं ठेवा, म्हणजे अर्धं मैदान आधीच दिसतं. चेंडू त्याच्यापासून लांबच्या पायावर घ्या. पहिल्याच टचला तोंड पुढे होतं. मागे कुणी चिकटलाय? मग वळायचा हट्ट नको, आला तसा परत द्या.

सराव भिंतीवर करा. मागे मित्र उभा करा, त्याने बोटं दाखवायची. भिंतीवरून चेंडू पायाशी येण्याआधी तुम्ही आकडा ओरडायचा. पोरखेळ वाटतो, पण मान आपोआप वळायला लागते.

दम हवाच. सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळणं होतं, तेही तुटक-तुटक.

आणि जागेचा हट्ट सोडा. इटलीचा मिडफिल्डर पिर्लो आधी पुढच्या फळीतल्या स्ट्रायकरच्या मागे खेळायचा. 2001 मध्ये ब्रेशिया क्लबमध्ये प्रशिक्षक मात्सोने यांनी त्याला बचावफळीच्या पुढ्यात आणलं. 2006 मध्ये तो इटलीकडून विश्वविजेता झाला. पाय मंदावले की दोन पावलं मागे सरका. मी उशिरा सरकलो, शेवटचा करार त्यातच गेला.