आखडलेल्या खांद्यासाठी इंजेक्शन कसे निवडावे

फ्रोझन शोल्डरसाठी कोणते इंजेक्शन चांगले, हे विचारण्याआधी आपला खांदा आजाराच्या कोणत्या टप्प्यात आहे हे पाहावे, कारण एकाच औषधाचा गुण टप्प्याप्रमाणे बदलतो. दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर झोपता येत नाही आणि हाताला हिसका बसताच जीवघेणी कळ येते, अशी स्थिती असेल तर सांध्याच्या आवरणाचा दाह अजून चालू आहे असे समजावे. ठणका ओसरला, पण हात पाठीमागे जात नाही, अशा वेळी आवरण जाड होऊन आक्रसलेले असते. कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवून पाहावा; दुसऱ्याने धरून वळवला तरी तो अडत असेल, तर ती या आजाराची महत्त्वाची खूण आहे. एक्स-रे बहुधा निर्दोष येतो, तरीही सांध्याची झीज वगळण्यासाठी तो काढलेला बरा.

दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात सांध्याच्या आत दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन हा माझ्या मते पहिला पर्याय असावा, कारण सर्वांत भक्कम पुरावा त्याच्याच बाजूने आहे. ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन साधारणपणे ४० मिलिग्रॅम देतात. त्याने वेदना काही आठवड्यांत लक्षणीय कमी होते; मात्र हा फायदा मुख्यतः पहिल्या काही महिन्यांचा असतो आणि वर्षभरानंतर इंजेक्शन घेतलेल्या व न घेतलेल्या रुग्णांत फारसा फरक उरत नाही. म्हणून वेदना उतरलेल्या त्या आठवड्यांतच व्यायाम नेटाने सुरू करावा, नाहीतर हाती आलेली संधी वाया जाते.

मधुमेह असलेल्यांना हा आजार इतरांपेक्षा बराच अधिक होतो आणि नेमकी त्यांनाच स्टेरॉइडची अधिक काळजी घ्यावी लागते. इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते, त्यामुळे ती घरी वारंवार तपासावी आणि औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

जखडलेपणा अधिक असेल तर हायड्रोडायलेटेशनचा विचार होतो. यात सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या साहाय्याने सलाइन, भूल देणारे औषध आणि बहुधा स्टेरॉइड यांचे मिश्रण सांध्यात भरून आवरण ताणले जाते. भरताना दाब जाणवतो आणि काही वेळ दुखतेही. केवळ स्टेरॉइडच्या तुलनेत त्याचा जादा लाभ किती, यावर अभ्यासांचे एकमत नाही. म्हणून आपल्याला ते का सुचवले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

खांद्याच्या मागील बाजूस, सुप्रास्कॅप्युलर नसेभोवती दिलेला ब्लॉक, म्हणजे ती नस बधिर करणारे इंजेक्शन, आवरणाचा आक्रस सोडवत नाही, पण वेदनेमुळे व्यायामच करता येत नसेल तेव्हा तो उपयोगी पडतो. स्वतःच्या रक्तापासून तयार केलेल्या पीआरपीविषयीचे (प्लेटलेट्सचे प्रमाण वाढवलेला रक्तद्रव) काही निष्कर्ष आशादायक आहेत, परंतु ते तयार करण्याची पद्धत ठिकठिकाणी वेगळी असल्याने त्यांची तुलना करणे अवघड जाते. सांध्यात वंगणासारखे काम करणाऱ्या हायल्युरोनिक आम्लाचा ठोस अतिरिक्त फायदा दिसलेला नाही, त्यामुळे ते आग्रहाने घेण्याचे कारण मला दिसत नाही.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, कुठे जंतुसंसर्ग असेल किंवा पूर्वी एखाद्या औषधाची ॲलर्जी झाली असेल, तर ते इंजेक्शनपूर्वी सांगावे. नंतर एक-दोन दिवस दुखणे वाढू शकते. परंतु ताप आला, खांदा लाल होऊन सुजला किंवा वेदना वाढतच गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.