विहिरीवरची मोटर सुरू होत नाही? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि केळीच्या एका झाडाला दिवसाला वीसेक लिटर पाणी लागतं. नेमकी तेव्हाच हाक येते, "भाऊ, लाईट शे, पन मोटार चालू व्हत नही." तोवर हिरवं बटण पंधरा वेळा दाबून झालेलं असतं. मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. वायंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी, जळते ती या दाबादाबीत.

सुरू होताना मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. फिरायला लागली की एक-दोन सेकंदांत तो उतरतो. फिरलीच नाही तर उतरत नाही, आणि मागचा पंखा थांबलेला असल्याने हवाही लागत नाही. म्हणून बटण एकदाच दाबा आणि कान द्या. तीन सेकंदांत मोटरने वेग घेतला नाही, तर लगेच बंद करा. पुढचं सगळं त्या आवाजावर ठरतं.

काहीच आवाज नाही

इथे सर्वांत मोठी फसवणूक टेस्टरची होते. तिन्ही वायरींना टेस्टर लावला, तिन्हीकडे पेटला, म्हणजे तीन फेज आहेत असं आपण धरतो. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडालेला असला, तरी त्याच लाईनवर शेजाऱ्याची मोटर चालू असेल तर तिच्या वायंडिंगमधून मेलेल्या फेजवर उलटा दाब (व्होल्टेज) येतो. टेस्टरला तेवढा पुरतो, मोटरला नाही. त्यामुळे मीटरने दोन-दोन फेजमध्ये मोजा, तिन्ही जोड्या. प्रत्येक ठिकाणी ४१५ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. मीटर नसेल तर सारख्या वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून टेस्ट लॅम्प करा. एकट्या बल्बवर ४१५ व्होल्ट देऊ नका, तो हातात फुटतो.

फेज नसेल तर डीपीवर स्वतः चढू नका. लाईनमनला यायला वेळ लागेल, पाणी एक पाळी उशिरा जाईल, पण चढू नका. फ्यूज टाकायला गेलेली घरातली माणसं परत आली नाहीत, अशी गावं आपल्याकडे कमी नाहीत.

फेज तिन्ही असतील तर मेन स्विच पाडा आणि स्टार्टरची पेटी उघडा. पॉइंटांच्या मध्ये चिकटलेली पाल, मुंग्यांचं वारूळ, कुंभारमाशीचं मातीचं घर यांतलं काहीतरी हमखास सापडतं. ब्रशने साफ करा. पॉइंट काळे दिसले म्हणून कानस मारू नका, वरचा चांदीचा थर निघून जातो आणि ते आणखी लवकर जळतात. ओव्हरलोड, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर तोडणारा रिले, पडला असेल तर पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग रिसेट करा.

स्टार्टर खट् करतो आणि सुटतो

हा रात्रीच्या लाईटचा आजार. लाईट आली की एका डीपीवरचे सगळे ऑटो (लाईट आली की आपोआप मोटर सुरू करणारे स्विच) एकाच वेळी मोटर उचलतात आणि दाब धाडकन खाली येतो. तो साडेतीनशेच्या खाली गेला की स्टार्टरची कॉइल नीट धरत नाही. स्टार्टरमध्ये लाकडाची पाचर ठोकून तो धरून ठेवणं म्हणजे मोटर जाळायला ठेवणं. शेजाऱ्यांशी बोलून ऑटोचे टायमर एक-एक मिनिट मागेपुढे लावा. हा उपाय फुकटचा आहे आणि गुण देतो.

दाब बरोबर असूनही पुन्हा पुन्हा पडत असेल, तर ओव्हरलोडचा काटा शेवटपर्यंत फिरवू नका. पाच एचपीच्या तीन फेज मोटरला साधारण सात-साडेसात अँपिअर लागतात. पाटीवर लिहिलेला आकडा पाहा आणि तेवढाच ठेवा. किटकॅट फ्यूजमध्ये केबलची जाड तार पिळून बसवणं ही याचीच दुसरी बाजू.

मोटर घुं घुं करते

तीन फेजची असेल तर बहुतेक वेळा एक फेज गेलेला असतो. एक फेज गेला की मोटर तोडणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बायपास करून किंवा कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर रेटायची सवय सोडाच. बागेला एक पाणी मिळतं आणि रिवाइंडिंगमध्ये आठवडा जातो.

सिंगल फेजची असेल तर आधी कंडेन्सर पाहा. डोकं फुगलेलं, तेल पाझरलेलं असेल तर तो गेला. मेन बंद केल्यावरही त्यात चार्ज असतो, म्हणून बल्ब लावलेल्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या टोकांना टेकवून तो उतरवा, मगच हात लावा. नवा घेताना जुन्यावरचा एमएफडी (मायक्रोफॅरड) आणि व्होल्ट वाचून तोच घ्या. मोठा घातला तर मोटर जोरात उचलेल, ही समजूत चुकीची आहे, त्याने वायंडिंग तापते.

फेज आणि कंडेन्सर दोन्ही ठीक असतील तर मेन पाडून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. पावसाळाभर बंद राहिलेल्या मोनोब्लॉक पंपाचा इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं चाक) गंजून धरतो. पाना लावून हळूहळू मागेपुढे केलं की बहुधा सुटतो, हातोडीने ठोकू नका, शाफ्ट वाकतो. ग्लँडची, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारी, दोरी नुकतीच बदलली असेल तर तीच जास्त आवळली गेली असेल. पंप चालताना ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी पडायलाच हवं. ते पूर्ण बंद करायला गेलात तर शाफ्ट जाम होतो.

बोअरमधल्या सबमर्सिबलला बाहेरून एवढं करता येत नाही. पॅनल तपासा आणि वायरमनकडून केबलचं मेगर, म्हणजे इन्सुलेशनची तपासणी, करून घ्या. रीडिंग एक मेगाओमच्या खाली आलं तरच पाइप उपसायचा खर्च करा.

मेकॅनिकला फोन करताना मोटर किती एचपीची, तिन्ही जोड्यांचे व्होल्ट किती आणि आवाज कोणता, एवढं सांगा. मग तो बरोबर सामान घेऊनच निघतो आणि दुसरी फेरी वाचते.