सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताय? या चुका टाळा

बऱ्याच स्पोर्ट्स कार दहा-पंधरा वर्षांत मूळ किमतीच्या निम्म्याखाली येतात आणि तिथेच माणूस फसतो. गाडी चौथ्या मालकाकडे स्वस्तात आली, तरी तिच्या ब्रेक डिस्क, शॉकअब्सॉर्बर आणि क्लच महागड्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागतात. त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधताना खरेदीची रक्कम विसरा आणि ती गाडी नवी असताना केवढ्याची होती ते आठवा.

कमी रनिंगला भुलणं

ही चूक मी स्वतः केली आहे. माझी पहिली दोन सीटची गाडी अकरा वर्षांत जेमतेम २८ हजार किलोमीटर चाललेली होती. सीटवर सुरकुती नव्हती, टायरची नक्षी जशीच्या तशी होती. मी हरखलो. घरी आणल्यावर टायरच्या कडेवरचा कोड वाचला. त्यातल्या शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. म्हणजे ३१०९ असेल तर २००९ सालचा एकतिसावा आठवडा. माझे चारही टायर गाडीइतकेच जुने निघाले. नक्षी शाबूत असली तरी रबर दगड झालं होतं, पावसात त्यांच्यावर भरवसा ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोन महिन्यांनी गाडीखाली ऑईलचे थेंब दिसू लागले. उभ्या गाडीचे सील सुकतात, कडक होतात. गळती क्रँकशाफ्टच्या (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) मागच्या सीलची होती. सील अगदी किरकोळ किमतीचं, पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मेकॅनिक म्हणाला, ‘उतरवलाच आहे, तर क्लच पण टाकून घ्या.’ मी काटकसर केली. आठ महिन्यांत क्लच सरकू लागला आणि तोच गिअरबॉक्स, तीच मजुरी पुन्हा मोजली.

भागाची किंमत विचारणं, वाटेची न विचारणं

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा भाग काढायला आधी काय काय काढावं लागतं? फेरारी एफ३५५ घ्या. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. नंतरच्या ३६० मध्ये सीटमागचं झाकण उघडून तेच काम होतं. काम तेच असूनही बिलात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शिवाय बेल्ट नुसत्या किलोमीटरवर नाही, वर्षांवरही म्हातारा होतो. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून ‘चाललीच नाही, बेल्ट कशाला बदलू?’ असं म्हणणाऱ्या मालकापासून सावध राहा.

पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये आणि ९९६ पिढीच्या साध्या ९११ मध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं (टायमिंगची चेन फिरवणारा मधला दांडा) बेअरिंग हे कुप्रसिद्ध दुखणं आहे. ते गेलं तर टायमिंग बिघडतं आणि बहुतेक वेळा इंजिनच जातं. हे बेअरिंग क्लच आणि फ्लायव्हीलच्या मागे बसतं, त्यामुळे शहाणा मालक क्लचच्या कामातच ते बदलून घेतो. ‘बदललंय’ हे तोंडी ऐकून समाधान मानू नका, बिल मागा. त्यानंतर २००८ पर्यंत आलेल्या इंजिनांत हे बेअरिंग मोठं आणि जास्त टिकाऊ असतं, पण इंजिन फोडल्याशिवाय निघत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनांत तो शाफ्टच नाही. २००८ पर्यंतच्या ९११ टर्बो आणि जीटी३ ची इंजिनं मात्र वेगळी, त्यांना हा त्रास नाही.

माझ्या मते या गाड्यांत बेअरिंगपेक्षा सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे जास्त घातक आहेत. इंजिन तापल्यावर टकटक आवाज येतो, ऑईल खातं आणि दोन सायलेन्सर पाइपांपैकी एकच काजळतो. दोन्ही पाइपांत बोट फिरवून पाहा, फुकटची तपासणी आहे. शंका आली तर स्पार्क प्लग काढून आत कॅमेरा घालायला लावा.

गरम इंजिनवर ट्रायल घेणं

‘तुम्ही येणार म्हणून आधीच सुरू करून ठेवली’ असं ऐकलं की परत या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. पहिल्या काही सेकंदांत चेनचा खडखडाट, निळा धूर, सगळं उघडं पडतं. थंड ऑईलवर रेस करणाऱ्याच्या हातातली गाडीही घेऊ नये. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये तर टॅकोमीटरवर (इंजिनचे फेरे म्हणजे आरपीएम दाखवणारा मीटर) छोटे दिवे आहेत. ऑईल तापत जाईल तसे ते विझतात आणि किती आरपीएमपर्यंत जायचं ते सांगतात. मालक ते दिवे पाळतो का, ट्रायलमध्ये शेजारी बसून बघा. या गाडीच्या कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) बेअरिंगसाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या, ते काम झाल्याची नोंद हवीच. गाडी लिफ्टवर घेऊन मागचा सबफ्रेम (मागच्या चाकांचा भार पेलणारा सांगाडा) जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा तडकलाय का तेही पाहा. बेअरिंग खालून ऑईल पॅन काढून बदलता येतात. पत्र्याचं वेल्डिंग मात्र भलतंच किचकट.

माझदा आरएक्स-८ चं शास्त्रच निराळं. तिचं रोटरी इंजिन मुद्दामच ऑईल जाळतं, त्यामुळे वेळोवेळी ते घालणं भाग असतं. तापलेलं इंजिन पुन्हा सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर कॉम्प्रेशन (इंजिनच्या आतला दाब) गेलेलं समजा. दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, म्हणजे कॉम्प्रेशन मोजल्यावर सहा आकडे मिळायला हवेत. साधा गेज ते दाखवत नाही.

डॅशबोर्डवर दिवा नाही म्हणून खूश होणं

दिवा लावणारे बिघाडाचे एरर कोड पुसायला मिनिटभर पुरतं. मात्र पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात आणि त्या पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. स्कॅनरवर त्या अपुऱ्या दिसल्या तर कोड काल-परवाच पुसलेत. पोर्शेचा कॉम्प्युटर आणखी चुगलखोर. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं आणि शेवटचं कितव्या तासाला, हे तो लिहून ठेवतो. चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनला फिरवतात, तिथे इंजिनचे फेरे रोखणारा लिमिटर काही करू शकत नाही. आणि एकूण किलोमीटरला इंजिनच्या तासांनी भागा. ६० हजार किलोमीटर आणि १५०० तास म्हणजे सरासरी ताशी ४०, पटण्यासारखं. तेवढ्याच तासांत २० हजार किलोमीटर दिसले तर मीटरशी खेळ झालाय का, ते विचारा.

उघड्या छताची गाडी असेल तर छताच्या कडेचे पाणी जायचे मार्ग तपासा. बॉक्स्टरमध्ये ते तुंबले की पाणी सीटखालच्या कंट्रोल युनिटवर जातं आणि गाडी सुरूच होत नाही. पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारा. आत कुजलेला पालापाचोळा साचला असेल तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर सडायला लागलेले असतात. सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कच्या कडा बोटाने चाचपा. त्या झिजून जायच्या आधी चाक काढताना टिचतात, आणि एका जोडीच्या किमतीत साधी गाडी येऊ शकते.

सगळा पैसा खरेदीत घालणं

मी खरेदीच्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवतो. पहिल्या महिन्यात त्यातून टायर, ब्रेक ऑईल, गिअर ऑईल, कूलंट आणि सगळे रबरी पाइप. आवाजाचा सायलेन्सर आणि मोठी चाकं वर्षभर थांबतात. आणि क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला, तर मागचं सीलही त्याच दिवशी टाकून घेतो.