खुब्याचा सांधा बदललाय? घरातली बाज आधी बाजूला ठेवा

खुब्याचं ऑपरेशन करून माणूस घरी आला की आपल्या खान्देशातल्या गावांत अंगणात लगेच बाज टाकली जाते. तसं करू नका. सैल बाजेत कंबर खाली जाते, गुडघे वर येतात आणि नवा सांधा निखळू शकतो. पहिले 6 ते 12 आठवडे जास्त जपायचे. टणक पलंग आणि हात असलेली उंच खुर्ची वापरा. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. पाट, मांडी, उकिडवं बसणं बंद, शौचालाही कमोड-खुर्चीच. शेतात भरीत पार्टी असली तरी आजींना पंगतीत खाली बसवू नका, ताट खुर्चीवर द्या. शस्त्रक्रियेच्या पद्धतीनुसार बंधनं बदलतात, म्हणून डॉक्टरांकडून ती लिहूनच घ्या.

रक्त पातळ ठेवण्याची गोळी किंवा इंजेक्शन 'आता बरं वाटतंय' म्हणून मध्येच सोडू नका. वॉकर घेऊन थोडं थोडं चाला, घोटे हलवत राहा. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका. पोटरी सुजून दुखू लागली तर आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, तेल लावून चोळू नका, मला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट 108.

जखम पाझरली, लाल झाली किंवा ताप आला तर दुकानातून गोळ्या आणू नका, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच दाखवा. पाय अचानक आखूड किंवा वळलेला दिसला तर ओढू नका. झोपवूनच दवाखान्यात न्या.