ट्रान्सफॉर्मेशनचं प्रॅक्टिकल फसतंय? या चुका टाळा

ई. कोलाय या जिवाणूत प्लाझ्मिड, म्हणजे अँटिबायोटिकला प्रतिकार देणारं जनुक असलेलं डीएनएचं छोटं वर्तुळ, घालण्याच्या (ट्रान्सफॉर्मेशनच्या) प्रॅक्टिकलमध्ये बी.एस्सी.ची मुलं जनुक अभियांत्रिकी पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी करतात. दुसऱ्या दिवशी प्लेट्स कोऱ्या निघाल्या की त्यांचे चेहरे उतरतात, आणि ‘पेशी खराब होत्या’ म्हणून विषय मिटवला जातो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

कारण शोधायचं तर कंट्रोल प्लेट्स, म्हणजे तुलनेसाठीच्या प्लेट्स हव्यात, आणि खर्च वाचवताना पहिली कात्री त्यांनाच लागते. प्लाझ्मिड न दिलेल्या पेशी साध्या एलबी अगारवरही (अँटिबायोटिक नसलेल्या पोषक माध्यमावरही) वाढल्या नाहीत, तर पेशीच मेलेल्या. त्याच पेशी अँपिसिलिनच्या प्लेटवर भरभरून वाढल्या, तर अँटिबायोटिक निकामी. बहुधा अगार फार गरम असतानाच ते घातलं गेलं. बाटली हाताला सोसवेल इतकी, म्हणजे ५०–५५ अंशांवर येऊ द्या.

दोन्ही कंट्रोल बरोबर, तरी प्लाझ्मिड दिलेल्या पेशींच्या वसाहती नाहीत? मग आधी हीट शॉक तपासा, म्हणजे प्लाझ्मिड आत शिरावं म्हणून थंड पेशींना दिलेला ४२ अंशांचा क्षणिक झटका. कॅल्शियम क्लोराइडमधल्या पेशी फार नाजूक असतात. व्हॉर्टेक्स (ट्यूब जोरात हलवणारं यंत्र) नकोच, ट्यूबला हलकी टिचकी पुरे. वॉटर बाथचा डिस्प्ले ४२ दाखवतो म्हणून पाणी तेवढं असेलच असं नाही. थर्मामीटर बुडवून बघा. ट्यूब बर्फातून थेट पाण्यात, प्रोटोकॉलमध्ये दिलेले सेकंद झाले की लगेच परत बर्फात. होतं काय, सगळी बॅच एका बाथभोवती गर्दी करते आणि बर्फाचा डबा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. डबा बाथला खेटूनच ठेवा.

निवड कॅनामायसिन या अँटिबायोटिकवर असेल तर आधी तासभर ३७ अंशांवर एलबीत ठेवल्याशिवाय प्लेटिंग करू नका. प्रतिकार देणारं प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो.

मोठ्या वसाहतीभोवती बारीक ठिपके दिसले तर मुलं तेही मोजतात आणि कार्यक्षमतेचा आकडा फुगतो. मधल्या वसाहतीतून बाहेर पडणारं बीटा-लॅक्टमेज हे विकर आजूबाजूचं अँपिसिलिन मोडतं, आणि त्या मोकळ्या जागेत प्लाझ्मिड नसलेल्या पेशी वाढतात. प्लेट्स १६–१८ तासांनी काढा. शनिवारी लावून सोमवारी बघणं टाळा.

हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक असलेल्या पीग्लो प्लाझ्मिडच्या वसाहती आल्या पण अतिनील दिव्याखाली हिरव्या चमकल्या नाहीत, तर बहुतेक वेळा अगारमध्ये अरॅबिनोज (ते जनुक चालू करणारी साखर) घालायचं राहिलेलं असतं.

आणि प्लेट्स कचऱ्यात टाकण्याआधी १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा. हे काम लॅब असिस्टंटवर न सोपवता मुलांसमोरच करा. तोही प्रॅक्टिकलचाच भाग आहे.