आठवडाभर घरचे जेवण, सुट्टीच्या दिवशी बाहेरची चव

घरी रोज सकस जेवायचे असे ठरवणाऱ्या बहुतेकांचा बेत फसतो तो संध्याकाळी, कामावरून थकून आल्यानंतरच्या अर्ध्या तासात. त्या वेळी भाजी धुऊन चिरायची असेल, कडधान्य भिजलेलेच नसेल आणि सगळी सुरुवात भांडे घासण्यापासून करायची असेल, तर हात आपसूक बिस्किटांच्या डब्याकडे किंवा फोनकडे वळतो. म्हणून या लेखात पाककृती कमी आणि पूर्वतयारी जास्त आहे. सुट्टीच्या दिवशी बाहेर पडून काहीतरी वेगळे खाणे हाही याच व्यवस्थेचा भाग आहे, असे मी मानते. त्याविषयी उत्तरार्धात सविस्तर लिहिले आहे.

ताटात काय असावे, हा प्रश्न फारसा अवघड नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०११ मध्ये ताटाचा जो आराखडा मांडला, तो लक्षात ठेवायला सोपा आहे: अर्ध्या ताटात भाज्या आणि फळे, पाव ताटात शक्यतो अख्ख्या धान्याचा पदार्थ आणि उरलेल्या पाव ताटात कडधान्ये, अंडी, मासे यांसारखे प्रथिनांचे पदार्थ. या आराखड्यात बटाटा भाजीत मोजलेला नाही, ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या सुचवते. हे वजन एकदा तराजूवर प्रत्यक्ष पाहावे, म्हणजे आपल्या ताटातली चमचाभर भाजी किती तोकडी आहे ते कळते आणि पुन्हा तराजू काढावा लागत नाही.

तयारीची सुरुवात कडधान्यांपासून करावी. सुट्टीच्या आदल्या रात्री हरभरे, चवळी किंवा वाटाणे तिप्पट पाण्यात भिजत घालावेत. आठ ते बारा तासांत ते फुगून वजनाने जवळपास दुप्पट होतात. भिजवण्याच्या पाण्यात लिटरमागे दोन चहाचे चमचे मीठ घातले, तर सालातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची जागा काही प्रमाणात सोडियम घेते, साल मऊ पडते आणि शिजताना दाणे फुटत नाहीत. हे पाणी फेकून द्यावे आणि दाणे धुऊन ताज्या पाण्यात शिजवावेत. टोमॅटो, लिंबू किंवा कोणतेही आंबट दाणा बोटांनी सहज चेपला जाईपर्यंत घालू नये, कारण आम्लामुळे पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि तासभर शिजवूनही दाणा कडकच राहतो. पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त असेल तरीही हाच अनुभव येतो. एवढे सगळे सांभाळूनही दाणा शिजत नसेल, तर तो फार जुना असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी स्वतःला दोष न देता दुसरा साठा आणावा.

राजम्याच्या बाबतीत मात्र सोय बाजूला ठेवून एक नियम पाळावाच लागतो. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते आणि अर्धेकच्चे दाणे खाल्ल्यास काही तासांतच जोराच्या उलट्या व जुलाब होतात. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा किंवा सरळ प्रेशर कुकरमध्ये शिजवावा. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा घालू नये, कारण तेथील तापमान पुरेसे चढले नाही, तर हा त्रासदायक गुण कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

शिजलेली कडधान्ये निथळून, एका वेळेला पुरतील एवढ्या लहान डब्यांत भरावीत. फ्रिजमध्ये ती तीन ते चार दिवस टिकतात आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगली राहतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या कडधान्यातून साधारण आठ ते नऊ ग्रॅम प्रथिने मिळतात, एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम. निरोगी प्रौढाची गरज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास असते. हा हिशोब मांडला, तर प्रथिनांची महागडी भुकटी बहुतेकांना का लागत नाही हे उघड होते. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी लायसिन धान्यात कमी आणि कडधान्यात भरपूर असते, तर मेथिओनिनचे नेमके उलटे असते. दोन्ही दिवसभरात पोटात गेली म्हणजे पुरे, एकाच घासात असण्याची गरज नाही. कडधान्यातील लोह अंगी लागावे म्हणून त्याच जेवणात लिंबाचा रस, टोमॅटो किंवा एखादे आंबट फळ ठेवावे आणि चहा-कॉफी तासभर लांबणीवर टाकावी.

भाताची तयारी करून ठेवता येते, मात्र तो पटकन थंड केला तरच. तांदळात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात. भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला, की त्यांपासून जिवाणू वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात मोकळा करावा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवावा. थंड झालेल्या भातातील काही पिष्ट न पचणाऱ्या स्वरूपात बदलते, ही गोष्ट खरी आहे. तिच्यावरून शिळ्या भाताला औषधाचा दर्जा देणारे लेख मात्र मी वाचायचे सोडले आहेत. बाकीच्या शिजवलेल्या अन्नासाठी नियम असा की, ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये सरकवले तर त्याचा मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. उथळ डबे हाच त्यावरचा साधा उपाय आहे.

भाज्यांकडे लोक पाठ फिरवतात, त्याचे कारण पुष्कळदा त्या पाणचट शिजवलेल्या असतात. फ्लॉवर, गाजर, भोपळा किंवा कोबी खरपूस झाल्यावर वेगळाच लागतो, कारण पृष्ठभागाचे तापमान साधारण १४० अंशांच्या वर गेले की शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात ती प्रक्रिया वेगाने घडते जिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिल मेयार यांनी १९१२ मध्ये केले. भाजीवर पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या पुढे जातच नाही, हे एकदा ध्यानात आले की बाकीच्या सूचना आपोआप सुचतात: धुतलेले तुकडे कापडाने कोरडे करावेत, थोड्या तेलात घोळवावेत, तवा किंवा ओव्हन आधी चांगला तापवावा आणि तुकडे एकमेकांवर न रचता एकेरी पसरावेत. गर्दी केली की भाजी भाजण्याऐवजी स्वतःच्याच वाफेत उकडते. हे तेल वाया जात नाही, कारण गाजर-भोपळ्यातील बीटा-कॅरोटीन शोषले जाण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतोच. क जीवनसत्त्व मात्र पाण्यात उतरते. त्यामुळे पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देण्यापेक्षा ती वाफवावी किंवा झटपट परतावी. पालेभाजी साठवताना पूर्ण कोरडी करून सुती कापडात गुंडाळावी. फळांविषयी एवढेच सांगणे पुरे आहे की ती फ्रिजच्या तळाशी न ठेवता डोळ्यांसमोर ठेवावीत आणि रस न काढता चावून खावीत.

आता मिठाविषयी, कारण घरच्या जेवणात आपल्या हाती सर्वांत जास्त असलेली गोष्ट तीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून थोडी कमी आहे आणि त्यात पाव, चीज, सॉस, लोणची यांतील मीठही धरलेले आहे. अचानक अळणी जेवण सुरू केल्यास घरातले दोन दिवसांत बंड करतात. त्याऐवजी नेहमीच्या मिठाचा चौथा हिस्सा कमी करावा, आंबटपणा थोडा वाढवावा, मसाले वापरण्याआधी ताजे भाजावेत आणि उमामी, म्हणजे रश्शाला भरीवपणा देणाऱ्या चवीची मदत घ्यावी. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळे काढून या चवीला नाव दिले. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत, अळंब्यांत आणि मुरलेल्या चीजमध्येही असते. टोमॅटो तेलात दाट होईपर्यंत परतला, की पदार्थाला मीठ पुरेसे असल्यासारखे वाटू लागते. जिभेला कमी मिठाची सवय होण्यास काही आठवडे जातात, तेवढा धीर धरावा लागतो. साखरेचा हिशोब याहून सोपा आहे: २००० किलोकॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी आणि ३३० मिलीलीटर गोड शीतपेयात साधारण ३५ ग्रॅम साखर असते.

अशा आठवड्यानंतर सुट्टीच्या दिवशी बाहेर खायला निघताना मनात अपराधीपणा नसावा, पण निवड असावी. माझा निकष एकच आहे: जे घरी करता येत नाही, त्यासाठीच बाहेर जावे. काही पदार्थांना घरच्या ओव्हनला न झेपणारी चारशे अंशांची भट्टी लागते, काहींना दहा-बारा तास उकळलेला रस्सा किंवा कित्येक दिवसांचे आंबवणे लागते, तर हाताने ओढून केलेल्या नूडल्सना वर्षांचा सराव लागतो. अशा ठिकाणी दिलेले पैसे आणि पोटातली जागा दोन्ही सार्थकी लागतात. घरी पंधरा मिनिटांत होणारा पदार्थ बाहेर जाऊन मागवला, तर हाती फक्त जादा मीठ आणि तेल येते.

रात्री मेजवानी आहे म्हणून दिवसभर उपाशी राहण्याची चूक पुष्कळजण करतात. भुकेने कासावीस झालेला माणूस चव घेत नाही, तो पहिल्या दहा मिनिटांत जे येईल ते संपवतो. दुपारचे जेवण हलके पण वेळेवर घ्यावे आणि निघण्यापूर्वी एखादे फळ खावे. तिघे-चौघे मिळून गेल्यास प्रत्येकी एक पदार्थ न मागवता सुरुवातीला दोनच मागवावेत, ते वाटून खावेत आणि मग पुढचे ठरवावे. सौम्य पदार्थ आधी आणि झणझणीत नंतर हा क्रम सांभाळला, तर जीभ बधिर होत नाही. पुढच्या ठिकाणापर्यंत शक्यतो चालत जावे. त्याने उष्मांक किती जळतात यापेक्षा दोन चवींच्या मध्ये मोकळा वेळ मिळतो, हा मोठा फायदा आहे.

गाडीवर किंवा टपरीवर खाण्यास हरकत नाही, पण मागणी देण्याआधी पाच मिनिटे बाजूला उभे राहून पाहावे. पदार्थ समोर तापवून दिला जातो की आधीच करून कोमट ठेवलेला असतो, पैसे घेणारा हातच अन्नाला लागतो की काय, तळणीचे तेल काळपट झाले असून धुरावले आहे का, हे बघितले की निर्णय होतो. गिऱ्हाईक सतत येत असेल तर अन्न पडून राहत नाही, म्हणून गर्दी ही शोभेपेक्षा सुरक्षिततेची खूण समजावी. चिरून उघड्यावर ठेवलेली फळे आणि कोणत्या पाण्याचा ते न कळणारा बर्फ या दोन गोष्टी मी टाळते. उरलेले अन्न बांधून घेतले, तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. त्यानंतरही भटकंती बाकी असेल, तर ते न बांधलेलेच बरे.

जे आवडले, त्याची टिपणे तिथेच बसून करावीत. पदार्थाचे नाव लिहून फारसा उपयोग होत नाही. आंबटपणा कशाचा होता, कुरकुरीतपणा कुठून आला आणि वास शेवटी कशाचा उरला, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. मग अख्खा पदार्थ घरी उभा करण्याच्या फंदात न पडता त्यातला एकच भाग आठवड्याच्या जेवणात आणावा. एका ठिकाणी साध्या रश्शावर भुरभुरलेला तळलेला लसूण मला इतका आवडला, की आता डब्यातल्या शिजलेल्या कडधान्यांवर तो अधूनमधून असतो. त्यासाठी लसणाचे अगदी पातळ, एकसारख्या जाडीचे काप थंड तेलात घालावेत आणि मगच आच मंद चालू करावी, म्हणजे करपण्याआधी त्यांतले पाणी निघून जाते. काप फिकट सोनेरी दिसताच झाऱ्याने काढून कागदावर पसरावेत, कारण तेलाबाहेर आल्यावरही ते काही क्षण शिजतच राहतात. माझा पहिला घाणा रंग चढण्याची वाट पाहत राहिल्यामुळे कडू झाला होता. मागे उरलेले सुवासिक तेल फेकू नये, पण ओट्यावरही ठेवू नये. लसूण घातलेल्या तेलात हवा पोचत नसल्याने बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष तयार करणारे जिवाणू वाढण्याचा धोका असतो, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत भाज्या परतण्यासाठी संपवावे.